मिठाच्या पाण्याचं अंडं

"सर, नुसतं सलाइन टाकलेल्या अंड्याचेही ठोके कमी झाले की!"

एमएस्सीची पोरगी स्टॉपवॉच हातात धरून माझ्याकडे बघत होती. टेबलावर चार दिवस उबवलेली कोंबडीची अंडी. कवचाला छोटी खिडकी, आत रक्तवाहिन्यांचं लाल जाळं आणि मधोमध उडणारा ठिपका. एकात आयब्युप्रोफेनचं द्रावण, दुसऱ्यात सलाइन. वेदनाशामकाने ठोके मंदावतात का, एवढंच बघायचं होतं.

मंदावले. दोन्हींत.

अंडं इन्क्युबेटरमध्ये ३७.५ अंशांच्या आसपास असतं. बाहेर काढलं की गार व्हायला लागतं आणि गर्भाचं हृदयही हळू पडतं. सलाइनचं अंडं नसतं, तर सगळं खापर औषधावर फुटलं असतं. (तिने ते अंडंही तितक्याच मन लावून मोजलं. बरेच जण कंटाळा करतात.)

हे हृदय दीडेक दिवसातच धडधडू लागतं, मेंदूकडून नसा येऊन पोचायच्या कितीतरी आधी. पण अंड्यात वार (प्लासेंटा) नाही, आईचं यकृत नाही. औषध थेट गर्भावर. त्यामुळे अंड्यावरून बाईच्या पोटातल्या बाळाबद्दल बोलायला मी कचरतो.

तिथली भीती वेगळी आहे. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल घटू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये तसा इशारा दिला. आपल्याकडे मात्र कंबर दुखली की डब्यातली गोळी काढायची.

तुमच्या घरी गरोदर बाईला गोळी देताना डॉक्टरांना विचारतात का?