दिराची थार आणि आमची पाणंद

माझा दीर साताऱ्यात बँकेत आहे. घर शाहूपुरीत, बँक पोवई नाक्याजवळ. पावसाळ्यात मित्रांबरोबर कास-ठोसेघर, अधूनमधून महाबळेश्वर, आणि सणावाराला हायवेने कराडला आमच्याकडे. एवढाच त्याचा गाडीचा संसार. पण सध्या त्याच्या डोक्यात महिंद्राची थार बसलीय, आणि तीही फोर बाय फोरच. "वहिनी, आपला घाटाचा जिल्हा. इथं चारही चाकं ओढणारीच गाडी पाहिजे." मला विचारायचं कारण म्हणजे मी गुरांची डॉक्टर. कराड तालुक्यातल्या वस्त्यांवर रात्री-अपरात्री जाते, तेही जुन्या वॅगन-आरने. फोनवर अर्धवट बोलणं झालं, म्हणून इथं सविस्तर लिहिते. त्याच्यासारखे बरेच जण आहेत.

आधी घाटाचंच घेऊ. यवतेश्वरचा घाट डांबरी आहे, पसरणी डांबरी आहे, महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळीसुद्धा डांबरीच. खड्डे असतील, दरड येईल, धुक्यात समोरचं दिसणार नाही, पण चाक जागेवर फिरत राहील अशी वेळ तिथं येत नाही. वाई-पाचगणी एसटीला फक्त मागची चाकं ओढतात, आणि ती उभ्या माणसांसकट पसरणी चढते. चढायला ताकद लागते, योग्य गिअर लागतो. घाटातला खरा धोका उतारावर, आणि उतरताना चार चाकं ओढतात की दोन, याला काही अर्थ नाही. ब्रेक तर प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात. खंबाटकीचा जुना बोगदा संपल्यावर पुण्याकडे जाताना जे एस वळण लागतं, तिथं गाड्या वेगामुळे उलटतात. तिथं दुसरा-तिसरा गिअर आणि बरे टायर कामाला येतात.

उलट घाटात फोर बाय फोर लावून ठेवणं नुकसानीचं. आमच्या कॉलनीतल्या एकांनी हौसेने लिव्हर फोर-एचला, म्हणजे चारही चाकं ओढतील असा, टाकून महाबळेश्वर गाठलं, आणि आल्यावर म्हणाले, गाडी वळताना अडकल्यासारखी करते. करणारच. थार किंवा जिम्नीसारख्या गाड्यांत फोर-एच लावलं की इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे नेणारे दोन्ही शाफ्ट एकत्र जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मोठा फेरा घेतात, मागची आतून जातात. चिखलात किंवा वाळूत चाक जरासं घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसते. मग ताण गिअर-शाफ्टवर, स्टिअरिंग जड आणि टायरची झीज. म्हणजे ज्या घाटासाठी म्हणून जादा पैसे मोजायचे, त्याच घाटात तो लिव्हर टू-एचवर, म्हणजे दोनच चाकांवर, ठेवायचा.

गाडी रुतते कुठं, ते मला विचारा. घाटात नाही, सपाटीला. कृष्णाकाठच्या काळ्या रानात.

पाटण-जावळीकडे पाऊस धो धो, पण खाली जांभा आणि मुरूम. पाणी वाहून जातं आणि वाटेखाली कडक लागतं. आमच्याकडं पाऊस त्याच्या निम्माही नाही, पण काळी माती पाणी धरून ठेवते, फुगते आणि चिकटते. ही माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत गोटा होतो. मग नवा असो की जुना, सारखंच. गेल्या दिवाळीच्या आसपास एका वस्तीवर म्हैस विताना अडली होती. कॅनॉल सोडून आत पाणंद, म्हणजे शेतातून जाणारी कच्ची वाट, दोन्ही बाजूंना ऊस, आणि आदल्या दिवशी अवकाळी झालेला. तोंडावरच त्या घरचे आबा बॅटरी घेऊन उभे. "मॅडम, गाडी हितंच ठेवा, फुडं रुतंल." माझ्याकडे रेडकू ओढायची साखळी, औषधं, बादली असं सगळं ओझं, म्हटलं बघू. निम्म्यात एक चढ आहे, ओढा ओलांडून वर जाणारा. माझी गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी, आणि चढावर वजन मागं सरकतं, म्हणजे ओढणारी चाकंच हलकी होतात. पहिल्या दमात चढली नाही. मग खाली येऊन गाडी फिरवली आणि रिव्हर्समध्ये चढवली. रिव्हर्समध्ये तीच चाकं उताराच्या बाजूला येतात आणि इंजिनाचं वजनही त्यांच्यावरच. आबांनी चाकांखाली उसाचं पाचट टाकलं. चढली. त्यांचा नातू मोबाइलवर शूटिंग करत होता, ते बहुतेक गावाच्या ग्रुपवर गेलं असणार. रेडकू जिवंत निघालं, मादी होती, त्यामुळे घरात आनंदीआनंद.

आता कुणी म्हणेल, बघा, इथं फोर बाय फोर असती तर? असती तर तो चढ सरळ चढली असती, हे खरं. पण त्याच पाणंदीला पुढं उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत, ढोपरभर खोल. मध्ये जो उंचवटा राहतो त्यावर गाडीचं पोट टेकलं, की चारही चाकं हवेत फिरल्यासारखी फिरतात. तिथं गाडीची उंची कामाची. थारचं पोट जमिनीपासून २२६ मिलिमीटर वर, त्याचा तिथं उपयोग आहे. आणि डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरला, लॉक नसेल तर फोर बाय फोर गाडीचंही पुढचं एक आणि मागचं एक चाक घसरलं की गाडी उभीच. नावात चार, काम दोघांच्या भरवशावर.

आणि ज्यांचं रोजचं जाणं त्या पाणंदीने आहे, त्यांच्या दारात ट्रॅक्टर आहे. जूनमध्ये तिथं कुणाचीच कार जात नाही. दूध मोटरसायकलवर किंवा ट्रॅक्टरवर येतं, नाहीतर माणूस किटली घेऊन चालतो. ज्या पाणंदीला मुरूम पडून रोलर फिरला, तिथं दुसऱ्या वर्षीपासून मारुती एटहंड्रेडसुद्धा जाते. एका गाडीच्या फोर बाय फोरवर जेवढा खर्च होतो, त्यात किती ट्रॉल्या मुरूम येईल याचा हिशेब गावात कुणीतरी मांडायला हवा. अतिक्रमणाच्या भांडणात तो मांडायचा राहून जातो, हा वेगळा विषय.

पुराचंही दीर बोलला. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते म्हणे. जाते, साचलेल्या पाण्यातून, खालचा रस्ता माहीत असेल तर. २०१९ ला इथलं वाहतं पाणी बघितलेला माणूस पुलावरून पाणी जात असताना त्या आकड्याच्या नादी लागत नाही.

मग घ्यावी कुणी? डोंगरातल्या धनगरवाड्यांवर बारा महिने जाणाऱ्याने, पवनचक्क्यांच्या देखभालीवाल्यांनी, जंगलात काम असणाऱ्यांनी. आणि ज्याला हौस आहे आणि परवडतं, त्याने हौस म्हणून घ्यावी, त्यात वाईट काही नाही; फक्त त्याला गरज म्हणू नये. मात्र हौस फेडायला कासच्या किंवा चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चाकं घालू नका. त्या कातळावर बोटभर माती असते आणि सगळी फुलं तिच्यातच उगवतात. रीलसाठी तिथं गाडी फिरवणाऱ्याला दंडाबरोबर एक फावडंही द्यावं असं मला वाटतं.

दिराला थारच पाहिजे असेल तर जानेवारी २०२३ पासून मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. दीड लिटरचं डिझेल इंजिन, लांबी चार मीटरच्या आत. म्हणून २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावर जीएसटी १८ टक्के. २.२ लिटरच्या फोर बाय फोरला ४० टक्के. बँकेतल्या माणसाला हा फरक मी समजावायला नको. एक गोष्ट मात्र त्याला सुचलेली नाही: तीन दारांच्या थारमध्ये मागं बसायचं तर पुढची सीट पाडून वर चढावं लागतं. सासूबाईंचे गुडघे बघता, आधी त्यांना शोरूममध्ये घेऊन जा म्हटलं. जाऊबाईंनी फोन स्पीकरवर ठेवला होता, त्या हसल्या. तो नाही हसला.

माझं विचाराल तर पुढची गाडी उंच पोटाची घेईन, दोन चाकांवर ओढणारीच. डिकीत दोर, फावडं आणि दोन गोणपाटं आताही असतात, तेव्हाही असतील. सध्याच्या टायरची नक्षी बरीच खाली आलीय. कायद्याने १.६ मिलिमीटर चालते, पण एवढ्यावर मी पावसाळा काढणार नाही. मे महिन्यातच बदलून घेते; पहिला पाऊस पडला की टायरच्या दुकानात उभं राहायला जागा नसते.