सोमवारचा पाऊस

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या पावसाचा अहवाल त्याच संध्याकाळी द्यायचा होता. इंदापूर, दौंड, बारामती हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्या एकूण आकड्यात काही खास फरक दिसत नव्हता. पण दिवसाला ६४.५ मिमी किंवा त्याहून जास्त, म्हणजे हवामान खात्याच्या हिशेबात ‘जोरदार’, असे दिवस मात्र वाढत चालले होते. मान-केंडॉल चाचणीतही, म्हणजे चढ-उतार खरा की योगायोगाचा हे तपासणाऱ्या संख्याशास्त्रीय चाचणीतही, कल पक्का निघाला. ऑफिसातली नवी मुलगी खूश. "सर, काय रेघ आलीय बघा!"

मला मात्र खटकत होतं. शेजारच्या पर्जन्यमापन केंद्रांवर त्या तारखांना एवढा पाऊसच नव्हता. नोंदीत एक दिवसाचा घोळ नेहमीचाच असतो, कारण आदल्या सकाळी साडेआठपासूनचा पाऊस आजच्या तारखेवर पडतो. म्हणून पुण्यातल्या आंबिल ओढ्याला २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पूर आला, तरी तो पाऊस वहीत २६ तारखेला सापडतो. पण इथं तसं नव्हतं. तिला म्हटलं, तारखांपुढे वार टाक.

निम्म्याहून जास्त सोमवार निघाले! आणि प्रत्येकाच्या आदल्या रविवारी शून्य.

जिथे पाऊस मोजला जायचा त्या तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या एका कारकुनांना फोन लावला. "अहो, रविवारी कचेरीला कुलूप. सोमवारी पर्जन्यमापकाच्या बाटलीत असेल तेवढं मोजायचं नि लिहायचं." पूर्वी आवारातच राहणारा शिपाई रोज मोजायचा. तो गेला, जागा भरलीच नाही. आमची रेघ बरोबर त्याच सुमाराला वर चढत होती. रविवारची जागा कोरी सोडली असती तरी आम्हाला कळलं असतं. शून्य लिहिलं की पाऊस पडलाच नाही असा अर्थ होतो. वर्षाच्या बेरजेला काही होत नाही, म्हणूनच इतकी वर्षं कुणाच्या लक्षात आलं नसावं.

सोमवारचा आकडा दोन दिवसांत वाटायचा कसा? अंदाजाने वाटणं मला पटत नाही. म्हणून सगळ्याच वर्षांसाठी सलग दोन दिवसांची बेरीज धरली आणि त्यातली मोठी बघितली. चढ उरला, पण इतका बारीक की चाचणी त्याला योगायोगापासून वेगळं काढेना.

याचा अर्थ अतिवृष्टी वाढलीच नाही असा कुणी काढू नये. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलंय की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणारा अतिमुसळधार पाऊस तिपटीने वाढला. पण तो निष्कर्ष एका तालुक्याच्या एका बाटलीवर लादता येत नाही. आता महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं आहेत, त्यांना रविवार नसतो. मात्र कल सांगायला तीसेक वर्षांची नोंद लागते, तेवढं त्यांचं वय नाही.

रात्री उशिरा अहवाल गेला, नव्या तक्त्यासह. मागवणारे नाराज झाले. त्यांना ती चढती रेघच पहिल्या पानावर हवी होती.