माल्युत्कावाली बीआरडीएम-२: प्रस्तावाची चौथी नोंद

रणगाड्यांच्या लढाईच्या एका व्हिडिओ गेममध्ये नवी गाडी घालावी, असा प्रस्ताव मी लिहितोय. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की गाडी ठरली. गाडी ठरली होती, आवृत्ती नव्हती; गेले दोन आठवडे त्या घोळात गेले. आता पक्कं झालंय. गेमसाठी मागायची ती ९पी१२२: बीआरडीएम-२ या सोव्हिएत चिलखती टेहळणी गाडीचा सांगाडा, बुरुज काढलेला, आणि त्या जागी माल्युत्का या रणगाडाविरोधी क्षेपणास्त्रांचा, सहा क्षेपणास्त्रांचा लाँचर.

त्याच सांगाड्यावरची, कोंकुर्स या नंतरच्या क्षेपणास्त्राची ९पी१४८ का नाही, हे आधी सांगतो, कारण तीच सगळ्यांना हवी असते. कागदावर ती सरस आहेच. पाच नळ्या, ४००० मीटर पल्ला, ६०० मिमीच्या आसपास भेदनक्षमता, आणि क्रॉसहेअर (नेमाची फुली) लक्ष्यावर धरून ठेवला की क्षेपणास्त्र आपसूक तिकडे जातं. पण अशा पद्धतीनं मारा करणारी वाहनं गेममध्ये आधीच पुष्कळ आहेत. आणखी एक आली तर नवं चित्र तेवढं मिळेल, खेळायची नवी रीत मिळणार नाही.

माल्युत्काची गोष्टच वेगळी. ती हातानं उडवत न्यावी लागते. उडवणाऱ्याला क्षेपणास्त्राच्या शेपटीचा पेटता ठिपका आणि समोरचा रणगाडा दोन्ही एकाच वेळी डोळ्यांत धरावे लागतात आणि जॉयस्टिकनं ठिपका रणगाड्यावर आणून टेकवावा लागतो. वेग सेकंदाला साधारण १२० मीटर, पल्ला ३००० मीटर; म्हणजे टोकाच्या माऱ्याला २५ सेकंद. तेवढ्या वेळात ताशी ३६ किमीनं आडवा चाललेला रणगाडा २५० मीटर पुढे सरकलेला असतो! जवळचा मारा तर होतच नाही, कारण सुटलेलं क्षेपणास्त्र ताब्यात यायलाच पहिले ५०० मीटर जातात. १९७३ च्या ऑक्टोबर युद्धात इजिप्तच्या सैनिकांनी याच माल्युत्कांनी इस्रायली रणगाड्यांना जेरीस आणलं होतं. त्यावर रणगाडेवाल्यांनी शोधलेला उतारा साधा होता: क्षेपणास्त्र जिथून सुटलं त्या जागेवर तोफ-मशिनगनचा भडिमार करायचा, म्हणजे उडवणाऱ्याचं लक्ष विचलित होतं आणि क्षेपणास्त्र भरकटतं. हा डाव-प्रतिडाव गेममध्ये जसाच्या तसा उतरू शकतो, आणि मला तोच हवाय.

आता लाँचर. सहाही क्षेपणास्त्रं एका चिलखती छपराखाली उलटी टांगलेली असतात. प्रवासात छप्पर सांगाड्यावर बसलेलं, त्यामुळे बाहेरून कळतही नाही की आत काय आहे. माऱ्याच्या वेळी छप्पर, क्षेपणास्त्रं ज्यांना टांगलेली असतात त्या रुळांसकट वर उचललं जातं. टेकाडाआड गाडी उभी केली तर समोरच्याला दिसतं ते हे छप्पर आणि त्याखालची सहा टोकं, एवढंच. गेममध्ये छप्पर वर-खाली करायला स्वतंत्र बटण असावं, आणि ते खाली असताना मारा बंद राहावा, असं मी प्रस्तावात स्पष्ट लिहिलंय. वर यायला जाणारा वेळ हीच या गाडीची खरी किंमत आहे. तो शून्य केला तर मजा गेली.

क्षेपणास्त्र उडवणाऱ्याला गाडीतून उतरून, केबलनं जोडलेली नियंत्रणाची पेटी घेऊन ८० मीटरपर्यंत लांब बसता येत असे. हे गेममध्ये मागायचं की नाही यावर मी बराच विचार केला. शेवटी मागितलंय, पण पर्याय म्हणून.

या टप्प्यात माझी एक चूक झाली, ती इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचे श्रम वाया जाणार नाहीत. छपराची मापं काढण्यासाठी मी जे छायाचित्र आधाराला घेतलं होतं, ते ९पी१२२ चं नव्हतंच. ती निघाली ९पी११०, म्हणजे आधीच्या बीआरडीएम-१ वरची. तिच्यावरही सहाच माल्युत्का आणि तसंच छप्पर, म्हणून नजर फसली. ओळखायची खूण नाकावर आहे: जुन्या गाडीचं इंजिन पुढे, त्यामुळे तिला लांब बॉनेट, बीआरडीएम-२ चं इंजिन मागे, त्यामुळे नाक आखूड आणि चालक-कमांडरच्या काचा अगदी पुढे. बाजूचं आख्खं रेखाचित्र पुन्हा काढलं. चार रात्री लागल्या, पण आता ते बरोबर आहे याची खात्री आहे.

नव्या रेखाचित्रात पोटाखालची चाकंही आली. दोन आसांच्या मध्ये, प्रत्येक बाजूला दोन, अशी चार छोटी चाकं असतात. खंदक ओलांडताना ती खाली उतरतात आणि गाडीचं पोट जमिनीला टेकू देत नाहीत. गेमच्या नकाशांवर खड्डे आणि चर ठायी ठायी आहेत, तेव्हा ही चाकं नुसती शोभेची नकोत, चालती हवीत. बाकी चालीचं फारसं सांगण्यासारखं नाही: वजन ७ टनांच्या घरात, १४० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन, रस्त्यावर ताशी ९५ ते १०० किमी, आणि मागच्या वॉटरजेटवर पाण्यातूनही चालते.

चिलखत जाड तिथे १४ मिमी. जड मशिनगनसुद्धा तिला बाजूनं फोडते, हे मान्य करूनच पुढे जायचं. पहिल्या माल्युत्काची भेदनक्षमता ४०० मिमी, हातानं उडवायची कसरत आणि हे पातळ अंग, तिन्ही एकत्र धरली तर गाडी साठच्या दशकातल्या रणगाड्यांच्या टियरमध्ये, म्हणजे गेममधल्या त्या पातळीवर, बसते. त्याहून वर ढकलली तर कुणी ती बाहेर काढणार नाही. ९पी१३३, म्हणजे तीच गाडी पण लक्ष्यावर नेम धरला की आपसूक जाणाऱ्या अर्धस्वयंचलित माल्युत्कांची, तिच्या पुढची पायरी म्हणून सुचवलीय.

आता राहिलंय ते तारेचं. क्षेपणास्त्रामागून तार उलगडत जाते, आणि तिच्यातूनच त्याला आज्ञा पोचतात. ती झाडात अडकली तर काय व्हावं, आणि नवं क्षेपणास्त्र सोडताच जुन्याचा ताबा सुटावा का, एवढे दोन मुद्दे लिहून झाले की प्रस्ताव पाठवतोय. वरच्या छपराचं जवळून काढलेलं छायाचित्र कुणाकडे असेल, विशेषतः रुळ आतल्या बाजूला जिथे जोडलेत तिथलं, तर जरूर दाखवा. तो एक कोपरा अजून अंदाजानं काढलाय.