तापात फिट आली तर आधी घड्याळ बघा

तापाने मलूल झालेलं दीड वर्षाचं मूल मांडीवर असतं आणि एकाएकी ताठ होतं. डोळे वर जातात, दातखीळ बसते, हातपाय लयीत उडू लागतात, ओठ निळसर दिसतात. हाक मारली तरी ओ नाही. मूल हातचं गेलं, असंच बघणाऱ्याला वाटतं. म्हणून पहिल्यांदा हे सांगायला हवं: तापातली फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपली आपण थांबते आणि अशा छोट्या फिटने मेंदूला इजा होत नाही. घाबरून केलेल्या उपायांनी मात्र इजा होऊ शकते.

त्यात सगळ्यात वाईट म्हणजे तोंडात काही घालणं. जीभ गिळली जाईल ही भीती खोटी आहे, जीभ गिळली जात नाही. चमचा घातला तर दात तुटतो आणि तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणी किंवा औषध पाजलं तर ते फुप्फुसात उतरतं, कारण त्या वेळी मुलाचा गिळण्यावर ताबा नसतो. हातपाय दाबून धरल्यानेही काही साधत नाही. नाकाशी काहीबाही हुंगवलं की फिट थांबली, असं सांगणारे भेटतात. ती थांबणारच होती, श्रेय मात्र हुंगवलेल्या वस्तूला मिळतं.

करायचं काम थोडंच आहे. फिट सुरू झाली ती वेळ बघा, कारण घाबरलेल्या माणसाला एक मिनिट दहा मिनिटांसारखं वाटतं आणि पुढचे सगळे निर्णय त्या वेळेवर ठरतात. मुलाला पलंगावरून उचलून जमिनीवर चादरीवर ठेवा, कुशीवर वळवा, तोंड किंचित खाली झुकलेलं असू द्या. लाळ किंवा उलटी आली तर ती गालावरून बाहेर ओघळली पाहिजे, घशात साचता कामा नये. गळ्याजवळचे कपडे सैल करा, आजूबाजूच्या टणक वस्तू सरकवा. जवळ आणखी कोणी असेल तर त्यांना मोबाइलवर वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्यायला सांगा. दोन्ही बाजू सारख्या उडत होत्या का, डोळे कुठे वळले होते, हे डॉक्टरांना त्यात जितकं दिसतं तितकं वर्णनातून कळत नाही.

पाच मिनिटं झाली आणि फिट चालूच असेल तर अँब्युलन्स बोलवा. इतका वेळ चाललेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. डॉक्टरांनी आधीच फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकातला स्प्रे लिहून दिला असेल तर तो याच वेळी वापरायचा, वजनाप्रमाणे ठरवून दिलेली मात्रा दोन नाकपुड्यांत निम्मी-निम्मी. या औषधाने श्वास मंदावू शकतो, म्हणून नंतर छातीची हालचाल बघत राहायचं आणि मनाने दुसरा डोस द्यायचा नाही.

फिट थांबल्यावर मूल गळून झोपतं. तासाभरात ते जागं होऊन आपल्या माणसांना ओळखायला हवं. तसं झालं नाही, मान कडक वाटली, टाळू फुगलेली दिसली, दाबल्यावर न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके उठले, एकाच बाजूचे हातपाय उडाले किंवा २४ तासांत दुसरी फिट आली, तर लगेच हॉस्पिटल गाठा. मेंदूज्वर नाही ना, याची आधी खात्री करावी लागते. ही फिट साधारण ६ महिने ते ५ वर्षं या वयात येते. वय त्याच्या अलीकडचं किंवा पलीकडचं असेल तरी हेच. आयुष्यातली पहिली फिट थांबून मूल हसायला लागलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच.

थंडी वाजून अंग थरथरणं वेगळं. त्यात मूल तुमच्याकडे बघतं, हाकेला ओ देतं.

आता तापाच्या औषधाबद्दल, कारण इथे आईवडील स्वतःला फार दोष देतात. वेळेवर औषध दिलं असतं तर फिट टळली असती, असं नाही. तापाचं औषध मुलाला आराम देतं, फिट रोखत नाही. कित्येकदा तर ताप आहे हेच फिट आल्यावर कळतं. म्हणून फिटच्या धास्तीने जादा डोस देऊ नका. पॅरासिटॅमॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. १० किलोच्या मुलाला १५० मिलिग्रॅम लागतं. ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ते ३ मिली होतात, ५ मिलीत १२० असलेल्या सिरपचे सव्वासहा, आणि मिलीला १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त दीड. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं की घोटाळा होतो, तेव्हा लेबल दर वेळी वाचा. बर्फाच्या पाण्याने अंग पुसू नका. मूल कुडकुडतं आणि आतला ताप उतरत नाही.

साधारण तीनातल्या एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा फिट येते. पहिली फिट दीड वर्षाच्या आत आली असेल किंवा आईवडील-भावंडांपैकी कुणाला लहानपणी आली असेल तर शक्यता वाढते. बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. मात्र मुलाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कागद द्या: मुलाचं वजन, स्प्रे दिला असेल तर तो कुठे ठेवलाय आणि किती मारायचा, पाच मिनिटांची मर्यादा, अँब्युलन्सचा नंबर. आणि वर ठळक अक्षरांत: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.