चिऊ, काऊ आणि निळं कुत्रं

रविवारी दुपारी मटण झालं की मला जी झोप लागते ती मोडायचं काम आमच्या घरात मोबाईल करतो. परवाही तेच झालं. लेक माझ्या पोटावर डोकं ठेवून ब्लूईचं कार्टून बघत होती. ज्यांच्या घरात पोरंटोरं आहेत त्यांना सांगायला नको, ऑस्ट्रेलियातल्या निळ्या कुत्र्याची सहा वर्षांची पोरगी, तिची धाकटी बहीण, आईबाप आणि सात मिनिटांचा एपिसोड. तो संपला की पुढचा, आणि आपली झोप कायमची गेली.

तर मधेच लेक गप्प झाली. नेहमी बडबड चालू असते, ती थांबली म्हणून मी एक डोळा उघडून बघितलं. ब्लूई आणि तिच्या बापाला एक जखमी पक्षी सापडलेला, बजी, म्हणजे आपल्याकडे लव्हबर्ड म्हणून पिंजऱ्यात घालून विकतात तो. त्याला डॉक्टरकडे नेतात. आता बरा होऊन उडून जाणार असं मी धरून चाललो होतो तर तो मेला. सरळ मेला. पुढे घरी आल्यावर ब्लूई तोच सगळा प्रकार खेळायला घेते, बहीण पक्षी होते, आणि आई बिचारी खेळात तरी पक्ष्याला बरं करायला बघते. ब्लूई म्हणते, नाही, तो मेला.

माझा हात मोबाईल काढून घ्यायला निघाला होता. लेक मात्र मान हलवत बघत होती, शेजारची एखादी म्हातारी दुखवट्याला आल्यासारखी.

आमच्या लहानपणी मेलं हा शब्दच नव्हता. आजोबा देवाघरी गेले, कुत्रं गावाला गेलं, आणि हे गाव कुठलं म्हणून विचारलं तर पाठीत धपाटा. पण त्याच वेळी दर रविवारी सकाळी सांगलीत गावभागातल्या एका काकूंच्या घरी आम्ही आठ-दहा पोरं फरशीवर मांडी घालून दूरदर्शनवर जंगल बुक बघायचो. गुलजारांचं ते चड्डीवालं गाणं सगळ्यांना पाठ, आणि शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज, म्हणजे घरात एखादा तापट मामा आल्यासारखंच. ते कार्टून मूळ जपानी होतं हे मला पार कॉलेजात कळलं. त्यातला मोगली धड लांडग्यांचाही नाही आणि माणसांचाही नाही, हे मला तेव्हा पोटात कुठंतरी दुखायचं. का ते सांगता यायचं नाही. मग मी चप्पल शोधायच्या निमित्ताने सगळ्यांच्या आधी उठून बाहेर जायचो. काकू एकदा म्हणाल्या होत्या, ह्याच्या डोळ्यात दर रविवारी बरा कचरा जातो ओ.

मला वाटतं चार रेघांचं कुत्रं रडलं तर पोरगं ते बघू शकतं. खरंखुरं माणूस तसं रडायला लागलं तर पोरगं आधी आईच्या तोंडाकडे बघतं, आणि आईचं तोंड बघून मग स्वतः रडतं. कुत्र्याच्या बाबतीत आईकडे बघावं लागत नाही. असलं काहीतरी. झोपेत सुचलेलं आहे, फार ताणू नका.

आणि आपली चिऊ-काऊची गोष्ट तरी काय वेगळी आहे? काऊचं घर शेणाचं, मोठ्ठा पाऊस आला, वाहून गेलं. तो भिजत चिऊच्या दारात उभा आणि ही आतून म्हणते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. ही गोष्ट आपण दोन वर्षांच्या पोराला भात भरवताना सांगतो!

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला पूर आला तेव्हा हीच गोष्ट मी पुतण्याला सांगत होतो, विश्रामबागला, मेव्हण्याच्या हॉलमध्ये, एका खोलीत अकरा माणसं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलेलं. आमच्या घरात खालचा मजला पूर्ण पाण्यात. पुतण्या पाच वर्षांचा. काऊचं घर वाहून गेलं म्हणल्यावर घास तोंडात तसाच धरून विचारतो, चिऊने दार का नाही उघडलं? मेव्हणा समोरच बसलेला. मी म्हणलं, उघडलं की लगेच. आयुष्यात पहिल्यांदा मी ती गोष्ट बदलली.

दुसरी बदलली ती मनीची. आमची मांजर. निघायच्या गडबडीत ती सापडलीच नाही, बोटवाले ओरडत होते, बस्स. पुतण्याला सांगितलं की ती पलीकडच्या काकूंकडे राहायला गेलीय. मग घर धुवून, गाळ काढून आम्ही परत आल्यावर हा रोज रात्री जिन्याखाली वाटीत दूध ठेवायला लागला. आणि मी रोज पहाटे उठून ते मोरीत ओतायचो, म्हणजे मनी येऊन पिऊन गेली. महिना दीड महिना चाललं हे. नंतर त्याने आपोआप ठेवायचं बंद केलं आणि मी सुटलो.

आता तो सहावीत आहे. परवा ते पक्ष्याचं चाललेलं असताना तो सायकलची किल्ली शोधत आत आला, दोन मिनिटं उभा राहून बघत बसला, आणि म्हणाला, "काका, आपली मनी पुरात मेली ना?"

मी म्हणलं, "हो रे. बहुतेक."

"मला माहीत होतं. दूध तू ओतायचास. मोरीला वास यायचा."

किल्ली फ्रीजवर होती. ती घेऊन तो गेला. मला विचारायचं होतं की मग इतके दिवस ठेवत का होतास, पण तोपर्यंत खाली सायकलची बेल वाजली, आणि लेक म्हणाली बाबा सरक, पुढचा लागतोय.