सिटी नावावर होईपर्यंत

आईचे गुडघे दुखतात, म्हणून घरातले सगळे म्हणत होते, उंच गाडी घे. मी आईलाच सोबत नेलं आणि पाच गाड्यांत बसवून पाहिलं. उंच गाडीत चढताना तिला वरच्या हँडलला लटकावं लागायचं. होंडा सिटीत ती आधी पाय बाहेर ठेवून सीटवर टेकली, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. तिथेच माझं ठरलं.

सिटी भारतात १९९८ साली आली. मला हवी होती ती २०१४ मध्ये आलेली चौथी पिढी. सिटीला डिझेल इंजिन मिळालं ते याच पिढीत. २०१७ मध्ये तिचं रूप बदललं, तेव्हा दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) सगळ्या मॉडेलमध्ये होते. मला मात्र पेट्रोल मॅन्युअल हवी होती, १४९७ सीसी, ११९ पीएस. डिकी ५१० लिटरची, म्हणजे वाईहून परतताना आईचा वॉकर, चौघांच्या बॅगा आणि तांदळाचं पोतं सगळं मावणार.

कर्वेनगरच्या एका काकांकडे तशीच वापरलेली गाडी मिळाली. बघायला गॅरेजवाल्या दादांना घेऊन गेलो. त्यांनी काकांना आधीच सांगून ठेवलं होतं की इंजिन थंड राहू द्या, आम्ही आल्यावरच सुरू करू. मग गाडीला अपघात झालाय का हे कळावं म्हणून दाराचं रबर सोडवून कारखान्यातल्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके तपासले, बॉनेटच्या बोल्टना पाना लागलाय का ते पाहिलं. टायरवर ३८१९ होतं, म्हणजे ते २०१९ च्या ३८ व्या आठवड्यात बनलेले, जुने झालेले. टायर बदलण्यापुरती किंमत कमी करून घेतली.

खरी परीक्षा पुढे होती. काकांनी कर्ज कधीच फेडलं होतं, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, बँकेचा बोजा (कर्जाची नोंद) तसाच होता. बँकेनं दिलेल्या एनओसीची (ना हरकत पत्राची) ९० दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. नवीन पत्रासाठी काका आणि मी शाखेत चार वेळा गेलो. दर वेळी नवा माणूस भेटायचा आणि सगळं पहिल्यापासून सांगावं लागायचं. वयस्कर माणसाला असं ताटकळत ठेवलेलं पाहून फार राग यायचा. शेवटी लेखी अर्ज देऊन पोच घेतली, तेव्हा कुठे पत्र आलं.

तोवर गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट) बसवून घेतली, कारण १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती लागते. दोन जुनी ई-चलनं काकांनी भरली. मग आरटीओसाठी बोजा उतरवायला फॉर्म ३५, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. काकांची सही जिथे जिथे लागणार होती, तिथे एकाच बैठकीत घेतली. हे मात्र सगळ्यांनी करा.

विमा १४ दिवसांच्या आत नावावर करायला अर्ज दिला. नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) मालकाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे फरकाची रक्कम मला भरावी लागली.

गाडी निवडायला दोन आठवडे लागले, नावावर व्हायला अडीच महिने. आरसी आली त्या रविवारी आईला घेऊन वाईला निघालो. खंबाटकी घाटाआधीच ती मागच्या सीटवर पाय पसरून झोपली होती.