पहिल्या बिलाची वाट

नोकरी सोडून मी कंत्राटी पद्धतीने अनुवादाचे काम घेतले, तेव्हा महिन्याच्या १ तारखेच्या पगाराची इतकी सवय झाली होती की पहिले पैसे हाती यायला जवळजवळ तीन महिने लागतील, हे ध्यानातच आले नाही. खरे तर हिशेब सरळ होता: जूनभर काम, ३० जूनला बिल आणि करारानुसार पुढे ४५ दिवस, म्हणजे १४ ऑगस्ट. त्यात खात्याच्या पुराव्यासाठी दिलेल्या रद्द धनादेशावर माझे माहेरचे आडनाव आणि पॅन कार्डावर सासरचे निघाल्याने ग्राहकाकडची माझी नोंदणी अडली आणि बिल दहा दिवस पडून राहिले. शेवटी रक्कम आली तीही १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा प्राप्तिकर, कापून.

त्या काळात घरभाडे मोडलेल्या मुदत ठेवीतून भरले, ही गोष्ट मला अजून लागते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार, उद्यम नोंदणी (लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म वा लघु पुरवठादाराला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे मिळालेच पाहिजेत आणि करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. ही उद्यम नोंदणी मोफत आहे. मी ती काम सुरू करण्याआधीच करायला हवी होती.

आता नवीन ग्राहकाकडे मी पहिल्या कामाची निम्मी रक्कम आगाऊ मागते आणि बिल कोण मंजूर करते, त्यांचे नाव आधी विचारून घेते.